‘राजा’चा रोमन भाऊ

इ. स. १८९९ साली रोम नगरात एक उत्खनन चालू होते. प्राचीन रोमच्या मध्यभागी ‘फोरम’ नावाचा विस्तीर्ण चौक होता. नगराची देवळे, न्यायालये, बाजार आणि लोकांच्या सभा भरण्याची जागा हे सारे त्या चौकात आणि त्याच्या आसपास होते. जाकोमो बोनी या नावाचे पुरातत्त्वज्ञ तेथील जमिनीचे थर एकामागून एक उकलीत होते. एके ठिकाणी त्यांना काळ्या दगडाच्या फरशीचा एक चौकोन लागला. भोवतालची फरसबंदी फिकट रंगाची आणि मध्येच हा काळा तुकडा! जुन्या रोमन लेखकांनी फोरममधील एका ‘काळ्या दगडा’चा उल्लेख केलेला होता. ती जागा अशुभ मानली जाई. रोमचा संस्थापक रोम्युलस याच्याशी लोक तिचा संबंध जोडीत. त्या फरशीखाली खणल्यावर एक भग्न शिलास्तंभ सापडला. त्याच्या बाजूंवर अक्षरे कोरलेली होती.

ही अक्षरे मोठी विलक्षण होती. एक ओळ खालून वर जाई, तर पुढची वरून खाली येई. शेताच्या टोकाशी पोहोचलेला बैल जसा वळून उलट दिशेने तास धरतो, तसे ते लिहिणे होते. भाषा लॅटिन होती. परंतु इतकी जुनी, की पुढच्या काळातील सुशिक्षित रोमन माणसालाही ती सहजी कळली नसती. हा लेख ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील असावा, असे विद्वान मानतात. स्तंभाचा वरचा भाग नाहीसा झाल्यामुळे त्याचा पूर्ण अर्थ लागत नाही. जो कोणी या जागेचा भंग करील तो शापित होईल, असा काहीसा त्याचा आशय दिसतो. तथापि त्यातील काही शब्द स्पष्ट वाचता येतात. त्यांपैकी एक शब्द आहे ‘रेकेइ’. त्याचा अर्थ ‘राजाला’ किंवा ‘राजासाठी’.

लॅटिन भाषेत राजाला ‘रेक्स’ म्हणतात. ‘रेकेइ’ हे त्याच शब्दाचे चतुर्थीचे जुने रूप. तुम्ही विचाराल, ‘रेक्स’मध्ये ‘क्स’ आणि येथे नुसता ‘क’, असे का? याचे उत्तर गमतीचे आहे. या शब्दाचे मूळ अंग ‘रेग्’ असे आहे. त्याला प्रथमेचा ‘स्’ हा प्रत्यय लागला, म्हणजे ‘रेग् + स्’ याचा उच्चार ‘रेक्स’ असा होतो. ‘ग्’ नंतर ‘स्’ उच्चारताना जीभ आपोआप ‘क्’कडे वळते, करून पाहा. इतर विभक्तींत मात्र तो ‘ग्’ जसाच्या तसा राहतो. ‘राजाचा’ हे सांगायचे असेल तर ‘रेगिस’ म्हणावयाचे. राणी म्हणजे ‘रेगिना’, राज्य म्हणजे ‘रेग्नुम’. मग स्तंभावर ‘क’ का? तर त्या काळी रोमन लिपीत ‘ग’साठी निराळे अक्षरच नव्हते! ‘क’ आणि ‘ग’ या दोन्ही ध्वनींचे काम एकच अक्षर करीत असे. ‘ग’चे स्वतंत्र अक्षर रोमन लोकांनी पुढे तीनएकशे वर्षांनी तयार केले. तेव्हा लिहिलेले ‘रेकेइ’ असले, तरी त्या काळचा रोमन माणूस ते ‘रेगेइ’ असेच वाचीत असणार.

आता ‘रेग्’ हे अंग आणि आपल्या ‘राजन्’ शब्दातील ‘राज्’ हे अंग शेजारी ठेवून पाहा. दोघांचाही अर्थ राजा. दोघांच्याही आरंभी ‘र’. मधला स्वर निराळा आणि शेवटचे व्यंजन निराळे. हा निव्वळ योगायोग असेल काय? तसा तो नाही, हे सिद्ध करण्याचा एक मार्ग भाषाशास्त्रात आहे. एका जोडीवर विसंबायचे नाही. तशाच आणखी जोड्या शोधायच्या. संस्कृतात गुडघ्याला ‘जानु’ म्हणतात, लॅटिनमध्ये ‘गेनु’. संस्कृतात ‘जन’, तर लॅटिनमध्ये कुळाला किंवा जातीला ‘गेनुस’. शेताला वेदांत ‘अज्र’ असा शब्द आहे, लॅटिनमध्ये ‘अगेर’. संस्कृतातील ‘ज’च्या जागी लॅटिनमध्ये ‘ग’ येतो, हे येथे दिसते. स्वरांचेही तसेच. संस्कृत ‘अस्ति’, लॅटिन ‘एस्त’. संस्कृत ‘सप्त’, लॅटिन ‘सेप्तेम’. म्हणजे आपला ‘अ’ तेथे अनेकदा ‘ए’ होतो, आणि दीर्घ ‘आ’च्या जागी दीर्घ ‘ए’ येतो. या नियमांनी ‘राज्’चे लॅटिन रूप करावयाचे ठरविले, तर ते ‘रेग्’ असेच होईल. शब्दांचे नाते हे असे नियमांनी ठरते. नुसत्या कानाला सारखे वाटण्याने ठरत नाही. उदाहरणार्थ, आपला ‘रेघ’ हा शब्द ‘रेग्’शी कितीतरी अधिक मिळताजुळता वाटतो, परंतु तो ‘रेखा’ या संस्कृत शब्दापासून आलेला आहे आणि त्याचा ‘रेक्स’शी काडीचाही संबंध नाही.

हे नाते लोकांच्या ध्यानात प्रथम ठळकपणे आणून दिले ते सर विल्यम जोन्स यांनी. ते कलकत्त्यास न्यायाधीश होते आणि तेथे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला होता. इ. स. १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांतील साम्य इतके गाढ आहे, की त्या एकाच मूळ भाषेपासून निघालेल्या असल्या पाहिजेत, आणि ती मूळ भाषा कदाचित आज अस्तित्वातही नसेल. यातील एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लॅटिन ही संस्कृतची मुलगी नव्हे, आणि संस्कृत ही लॅटिनची नव्हे. त्या बहिणी आहेत. ‘राजा’ हा शब्द आपल्याकडून रोमला गेला नाही, की रोमहून इकडे आला नाही. दोघांनीही तो एकाच पूर्वजाच्या घरातून बरोबर नेला.

या शब्दाचा संसार कसा पसरला आहे, तेही पाहण्याजोगे आहे. पूर्वेच्या टोकाला भारतात तो ‘राजन्’ म्हणून टिकला. पश्चिमेच्या टोकाला रोमन लोकांत ‘रेक्स’, आयर्लंडमध्ये ‘री’ आणि आजच्या फ्रान्सच्या भूमीत राहणाऱ्या प्राचीन गॉल लोकांत ‘रिक्स’ या रूपांनी टिकला. गॉल लोकांचा शूर सेनापती व्हेर्सिंगेटोरिक्स याच्या लांबलचक नावाच्या शेवटी हाच ‘रिक्स’ आहे. त्याने ख्रिस्तपूर्व ५२ मध्ये ज्यूलियस सीझरपुढे शस्त्र खाली ठेवले. मधल्या प्रदेशांतील बऱ्याच लोकांनी मात्र राजासाठी इतर शब्द पत्करले. ग्रीकांनी ‘बासिलेउस’ म्हटले. इराणात ज्या शब्दापासून पुढे ‘शहा’ झाला, तो वापरात आला. त्याचे नाते आपल्या ‘क्षत्र’ या शब्दाशी आहे.

मराठीत या कुळाची वंशवेल किती दाट आहे! ‘राज्ञी’ची ‘राणी’ झाली. ‘राजा’चेच ‘राय’ आणि ‘राव’ झाले; आपण ज्यांना आदराने ‘रामराव’, ‘गोविंदराव’ म्हणतो, त्या प्रत्येकाच्या नावात एक लहानसा राजा बसलेला आहे. ‘राजकुल’ म्हणजे राजवाडा. त्याचे ‘राऊळ’ झाले आणि पुढे देवाचा वाडा म्हणून देवळालाही आपण राऊळ म्हणू लागलो. ‘राजपुत्रा’चा ‘राऊत’ झाला. ‘राष्ट्र’ हा शब्दही याच धातूचा. आणि म्हणून ‘महाराष्ट्र’ या नावातही रोमन ‘रेक्स’चा एक दूरचा आप्त आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथवर आपण शब्दाचे रूप पाहिले. त्याचा मूळ अर्थ कोणता? राजा म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे सिंहासन, मुकुट, तलवार आणि हुकूम उभे राहतात. परंतु ‘रेग्’ या धातूचा अर्थ हुकूम करणे असा मुळात नव्हता. त्याचा अर्थ होता सरळ करणे, सरळ रेषेत नेणे. लॅटिनमध्ये ‘रेगेरे’ म्हणजे सरळ नेणे, वळण लावणे, आणि मग त्यावरून राज्य चालविणे. ‘रेक्टुस’ म्हणजे सरळ, ताठ, आणि म्हणूनच योग्य. ‘रेगुला’ म्हणजे सरळ काठी, मोजपट्टी. हाच धातू संस्कृतात ‘ऋजु’ या शब्दात आहे. ऋजु म्हणजे सरळ. ऋजुपणा म्हणजे आर्जव. ‘त्याने आर्जव केले’ असे आपण म्हणतो तेव्हा विनवणीचा अर्थ मनात असतो. पण मूळ अर्थ मनाचा सरळपणा हाच. तेव्हा ‘राजा’ आणि ‘ऋजु’ हे शब्द एकाच घरचे आहेत, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

मग राजा सरळ काय करीत असे? फ्रेंच भाषापंडित एमिल बेनव्हेनिस्त यांनी इ. स. १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे एक सुंदर उत्तर सुचविले आहे. लॅटिनमध्ये ‘रेगेरे फीनेस’ असा एक जुना प्रयोग आहे. त्याचा अर्थ सीमा आखणे. नगर वसविण्यापूर्वी, देऊळ बांधण्यापूर्वी, पवित्र आणि अपवित्र जागा यांच्यामध्ये सरळ रेषा ओढण्याचे काम कोणीतरी अधिकारी पुरुषाने करावयाचे असे. आतले कोणते आणि बाहेरचे कोणते, आपले कोणते आणि परक्याचे कोणते, हे त्या रेषेने ठरे. ही रेषा जो ओढतो तो ‘रेक्स’. म्हणजे आरंभीचा रेक्स हा सेनापतीपेक्षा पुरोहिताला अधिक जवळचा होता. त्याचे बळ तलवारीत नव्हते. त्याने ओढलेली रेषा सरळ आहे, या लोकांच्या विश्वासात होते. हे मत सर्वांनीच मान्य केले आहे असे नाही. मला स्वतःला मात्र ते पटते. कारण रोमन लोकांची नगर वसविण्याची रीत त्याच्याशी नेमकी जुळते. संस्थापक एक बैल आणि एक गाय नांगराला जुंपी. नांगराचा फाळ काशाचा असे. बैल बाहेरच्या अंगाला आणि गाय आतल्या अंगाला ठेवून तो भावी नगराभोवती तास काढी. जेथे वेस यावयाची असेल तेथे नांगर उचलून धरावयाचा, कारण तासाची रेषा पवित्र, ती कोणी ओलांडावयाची नाही. आणि वेशीतून तर माणसे रोजच जाणार-येणार. रोम्युलसने रोम वसविताना असेच केले, असे रोमन लोक सांगत.

आपल्याकडील पंडितांनी ‘राजा’ या शब्दाचा विचार निराळ्या दिशेने केला. व्याकरणकारांनी ‘राज्’ या धातूचा अर्थ ‘प्रकाशणे’ असा दिला; राजा म्हणजे जो शोभतो, तळपतो. महाभारताच्या शांतिपर्वात पृथू राजाची कथा आहे. त्याने सर्व प्रजेला संतुष्ट केले, तिचे रंजन केले, म्हणून त्याला ‘राजा’ ही संज्ञा मिळाली, असे तेथे सांगितले आहे. कालिदासानेही ‘रघुवंशा’त रघूचे वर्णन करताना हीच व्युत्पत्ती मनात धरली आहे. आजचे भाषाशास्त्र ‘रंजन’ हे ‘राजा’चे मूळ मानीत नाही. परंतु ही व्युत्पत्ती अगदीच टाकाऊ समजू नका. शब्दाचा खरा जन्म तिच्यातून कळत नसला, तरी राजाकडून लोकांची अपेक्षा काय होती, ते तिच्यातून लख्ख कळते.

आणि रोमन लोकांनीही हेच केले! होरेस हा ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील कवी. रोममधील लहान मुले खेळताना काय म्हणत, हे त्याने एका काव्यपत्रात नोंदवून ठेवले आहे. जो बरोबर करील तोच राजा होईल, अशा अर्थाचे ते पोरांचे बोल होते. लॅटिनमध्ये ‘बरोबर’ला ‘रेक्टे’ आणि राजाला ‘रेक्स’; त्यामुळे ते कानाला यमकासारखे गोड लागत असले पाहिजे. पुढे सातव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल येथील बिशप इसिडोर याने आपल्या शब्दविषयक महाग्रंथात हेच गंभीरपणे मांडले. योग्य वागण्यामुळे राजा हे नाव टिकते आणि अयोग्य वागण्यामुळे ते जाते, असे त्याचे म्हणणे. इसिडोरच्या बहुतेक व्युत्पत्ती काल्पनिक असत. ही मात्र गड्याला नेमकी साधली.

असो. शब्द झाला, आता त्या शब्दाचा रोममध्ये काय भोग झाला ते पाहू.

परंपरेप्रमाणे रोमची स्थापना ख्रिस्तपूर्व ७५३ मध्ये झाली आणि ख्रिस्तपूर्व ५०९ पर्यंत तेथे सात राजे झाले. म्हणजे २४४ वर्षांत अवघे सात. तुम्ही भागाकार करून पाहाल तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी जवळजवळ पस्तीस वर्षे येतात. त्या धकाधकीच्या काळात हे अवघडच. म्हणून या यादीविषयी इतिहासकार साशंक असतात. परंतु रोममध्ये कधीकाळी राजे होते यात शंका नाही. काळ्या फरशीखालचा तो शब्द पुष्कळ बोलका आहे. रोमचे राजपद वंशपरंपरेने चालत नसे. राजा वारला की ‘इंटररेक्स’, म्हणजे दोन राजांच्या मधला राजा, नेमीत. त्याचा अधिकार अवघ्या पाच दिवसांचा. पाच दिवसांनी दुसरा, मग तिसरा, असे नवा राजा निवडला जाईपर्यंत चाले.

सातवा राजा टार्क्विन. लोकांनी त्याला ‘सुपर्बुस’, म्हणजे उद्धट, असे नाव ठेवले होते. त्याने आपल्या सासऱ्याला, म्हणजे सहाव्या राजाला, ठार करवून गादी बळकावली, अशी कथा आहे. तो कोणाचा सल्ला घेत नसे आणि कोणाच्या जिवाची पर्वा करीत नसे. अखेर त्याच्या मुलाने ल्युक्रीशिया नावाच्या एका कुलीन स्त्रीवर अत्याचार केला. त्या साध्वीने प्राण दिला आणि लोक खवळून उठले. ल्यूशियस ज्युनियस ब्रूटस हा त्यांचा पुढारी झाला. टार्क्विनला सहकुटुंब नगराबाहेर काढण्यात आले. यापुढे रोममध्ये कोणालाही राजा होऊ देणार नाही, अशी शपथ ब्रूटसने सर्व लोकांकडून घेवविली. राजाच्या जागी दोन कॉन्सल आले. त्यांची मुदत एक वर्षाची, आणि एकाने केलेले दुसऱ्याला अडविता येई. राजाच्या अधिकाराचे असे दोन तुकडे करून त्यांना वर्षाची दोरी बांधण्यात आली.

परंतु एक अडचण उरली. काही धार्मिक विधी असे होते, की ते राजानेच करावयाचे. राजा नाही म्हणून ते बंद केले तर देव कोपणार! रोमन लोक मोठे व्यवहारी. त्यांनी एक पुरोहित नेमला आणि त्याला ‘रेक्स साक्रोरुम’, म्हणजे पूजाविधींचा राजा, असे नाव दिले. नाव राजाचे, परंतु त्याला अन्य कोणतेही सरकारी पद भूषविता येत नसे, लोकांपुढे भाषण करता येत नसे आणि मुख्य पुरोहिताच्या हाताखाली त्याला राहावे लागे. दर वर्षी २४ फेब्रुवारीला ‘राजाचे पलायन’ नावाचा दिवस पाळीत. त्या दिवशी हा नामधारी राजा फोरमजवळ यज्ञ करी आणि तो आटोपताच तेथून धूम ठोकी. ओव्हिडसारख्या कवीला यात टार्क्विनच्या हकालपट्टीची आठवण दिसली. आजच्या अनेक अभ्यासकांना हा विधी त्याहूनही जुना वाटतो. काहीही असो, भरचौकात राजा पळतो आहे आणि लोक पाहताहेत, हे दृश्य रोमन मुले दर वर्षी पाहत असतील. काळ्या फरशीखालच्या शिलालेखातील राजा खरा राजा, की हा पळणारा पुरोहित, याविषयी विद्वानांत आजही वाद आहे.

राजपद गेले आणि ‘रेक्स’ ही एक शिवी झाली. एखाद्या पुढाऱ्याला संपवायचे असेल, तर ‘याला राजा व्हायचे आहे’ एवढे म्हटले की पुरे. ख्रिस्तपूर्व १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस याने गरिबांना जमिनी मिळाव्यात म्हणून कायदा केला. श्रीमंत सरदार त्याच्यावर जळत होते. एके दिवशी सभेत गोंधळ माजला. आवाज ऐकू जाईना, तेव्हा आपल्या जिवाला धोका आहे हे खुणेने सांगण्यासाठी टायबेरियसने आपल्या डोक्याला हात लावला. शत्रूंनी धावत जाऊन सेनेटला सांगितले, की तो राजमुकुट मागतो आहे! प्लूटार्कने ही हकीकत दिली आहे. थोड्याच वेळात टायबेरियस आणि त्याचे अनेक साथीदार बाकांच्या मोडक्या पायांनी आणि सोट्यांनी ठार मारले गेले. एका शब्दाची धास्ती अशी असू शकते. आणि ती धास्ती नेहमी खऱ्या जुलमी माणसावरच उलटे असे नाही, हेही यातून दिसते.

ज्यूलियस सीझरला हे पक्के ठाऊक होते. ख्रिस्तपूर्व ४४ च्या जानेवारीत तो नगरात परत येत असता गर्दीतील काहींनी त्याला ‘रेक्स’ म्हणून हाक मारली. त्याने उत्तर दिले, की आपले नाव रेक्स नसून सीझर आहे. यात एक कोटी होती. रोममध्ये ‘रेक्स’ हे एका घराण्याचे आडनावही होते, आणि सीझरची आजी त्याच घराण्यातील! पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारीच्या उत्सवात, मार्क अँटनीने सर्वांसमक्ष त्याच्यापुढे राजचिन्हाची पट्टी धरली. सीझरने ती नाकारली आणि कॅपिटोल टेकडीवरील ज्युपिटरच्या देवळात पाठवून दिली. लोकांनी टाळ्या वाजविल्या. पण त्यांच्या मनातला संशय गेला नाही. जुन्या ब्रूटसच्या पुतळ्याखाली, तू आज हवा होतास, अशा अर्थाचा मजकूर कोणी लिहून ठेवला. त्या ब्रूटसच्या कुळातला म्हणविणारा दुसरा ब्रूटस जिवंत होता. १५ मार्च रोजी सेनेटमध्ये सीझरचा वध झाला. मारणाऱ्यांत तो होता.

सीझरचा वारस ऑगस्टस अधिक सावध निघाला. ख्रिस्तपूर्व २७ पासून रोमची सारी सत्ता त्याच्या हाती होती. कोणत्याही रेक्सच्या हाती नव्हती एवढी. परंतु तो शब्द त्याने चुकूनही स्वतःला लावून घेतला नाही. तो स्वतःला ‘प्रिन्केप्स’, म्हणजे पहिला नागरिक, म्हणवी. त्याच्यामागून आलेले बादशहा ‘सीझर’ हे नाव पदवीसारखे लावू लागले. जर्मनांचा ‘कैसर’ आणि रशियाचा ‘झार’ हे त्याच नावाचे अवतार. इ. स. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला भारतात ‘कैसर-इ-हिंद’ ही पदवी देण्यात आली, तीही तीच. मी रेक्स नव्हे, सीझर आहे, असे जो म्हणाला, त्याचे नावच रेक्सहून मोठे होऊन बसले.

रोमन साम्राज्य लयाला गेल्यावर शब्दावरचा हा डाग हळूहळू पुसला गेला. लॅटिनपासून निघालेल्या भाषांत तो नव्याने मानाचा झाला : इटालियनमध्ये ‘रे’, स्पॅनिशमध्ये ‘रेय’, फ्रेंचमध्ये ‘र्वा’, पोर्तुगीजमध्ये ‘रेइ’. हा पोर्तुगीज ‘रेइ’ आपल्या अगदी जवळ, गोव्यात येऊन राहिलेला आहे. पणजीसमोर मांडवीच्या उत्तर तीरावर वेरे गावात ‘रेइश मागूश’ नावाचा किल्ला आहे. तो पोर्तुगिजांनी इ. स. १५५१ मध्ये बांधला. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी राजांवरून ते नाव पडले. ‘रेइश’ हे ‘रेइ’चे अनेकवचन. ६ जानेवारीला तेथील चर्चच्या उत्सवात तीन मुले राजांचा वेश करून मिरवतात.

इंग्रजीच्या वाटेने तर हे कुळ आपल्या शाळेत आणि घरात शिरले आहे. वसतिगृहाचा ‘रेक्टर’, कंपनीचा ‘डायरेक्टर’, सैन्याची ‘रेजिमेंट’, रोज शाळेत येणारा ‘रेग्युलर’ विद्यार्थी आणि वहीवर ‘करेक्ट’ म्हणून झालेली खूण, ही सारी ‘रेग्’ची लेकरे होत. वर सांगितलेली सरळ काठी ‘रेगुला’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेली आणि तिची एक बाजू ‘रूल’ झाली, दुसरी ‘रेल’. आपल्या आगगाडीच्या ‘रेल्वे’त ती आडवी निजलेली आहे. रेघा आखण्याच्या लाकडी ‘रूळा’तही ती आहे. पूर्वी शिक्षकांच्या टेबलावर असा रूळ हटकून असे. त्याचे काही अन्य उपयोगही होत. ते मात्र मूळ लॅटिन अर्थात बसत नाहीत.

शास्त्रज्ञांनीही या शब्दाला आश्रय दिला. इ. स. १९०५ मध्ये हेन्री फेअरफिल्ड ऑस्बर्न यांनी एका प्रचंड मांसाहारी प्राण्याच्या सांगाड्याला ‘टायरॅनोसॉरस रेक्स’ असे नाव दिले. पहिला शब्द ग्रीक. त्याचा अर्थ जुलमी सरडा. दुसरा आपला लॅटिन. टार्क्विनच्या काळच्या रोमन माणसाला जुलमी आणि राजा ही जोडी मुळीच नवी वाटली नसती.

ब्रिटनमध्ये हा शब्द आजही सरकारी कागदांवर आहे. तेथील नाण्यांवर राजाच्या नावापुढे ‘रेक्स’ आणि राणीच्या नावापुढे ‘रेगिना’ याचे लॅटिन अक्षरांतील पूर्ण वा संक्षिप्त रूप असते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या राजधानीला इ. स. १८८२ मध्ये व्हिक्टोरियाच्या मानार्थ ‘रेगिना’ हेच नाव दिले गेले. तेथील लोक त्याचा उच्चार ‘रिजायना’ असा करतात. इंग्लंडात फौजदारी खटला राजाच्या नावाने चालतो. खटल्याच्या शीर्षकात फिर्यादी म्हणून केवळ ‘आर’ हे एक अक्षर लिहितात आणि पुढे आरोपीचे नाव. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ निवर्तली आणि तिसरा चार्ल्स गादीवर आला. त्या दिवसापर्यंत त्या अक्षराचा अर्थ ‘रेगिना’ होता. त्या दिवशी तो ‘रेक्स’ झाला. चालू खटल्यांच्या कागदांवर ते अक्षर बदलावे लागले नाही.